पुढे चाल

कोष्टके वाचण्याची मला फार जुनी खोड आहे. लोक कथा-कादंबऱ्या उशाशी घेऊन झोपतात. माझ्या उशाशी कितीतरी वर्षे रेल्वेचे वेळापत्रक असे. पंचांगातली तिथी-नक्षत्रांची घरे, जुन्या अंकगणिताच्या पुस्तकामागचे वजनमापांचे तक्ते, वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावरचे धावफलक, रेघांनी आखलेले आणि आकड्यांनी भरलेले काहीही पुढे आले की मी त्यात रमतो. घरच्या मंडळींना याची मोठी मौज वाटते. ‘त्यात वाचण्यासारखे असते तरी काय?’ असे ती विचारतात. आता काय सांगावे! कादंबरीत लेखक सगळे सांगून मोकळा होतो. कोष्टक काहीच सांगत नाही. अबोल पाहुण्यासारखे ते नुसते समोर बसून राहते. आपणच त्याच्याशी बोलत बसावे लागते. आणि मग केव्हातरी ते असे काही बोलून जाते की आपण दचकतो.

असे एक कोष्टक मला काही वर्षांपूर्वी भेटले. इंग्लंडातील फुटबॉल असोसिएशनच्या चषकाच्या पहिल्याच हंगामाचे, म्हणजे १८७१-७२ सालचे. खरे सांगायचे तर मी त्याच्या शोधात नव्हतो. मी शोधत होतो ओव्हलला. लंडनमधल्या केनिंग्टन भागातले हे मैदान आमच्या पिढीच्या माणसाला देवळासारखे आहे. २४ ऑगस्ट १९७१ रोजी अजित वाडेकरच्या संघाने तिथे इंग्लंडचा चार गडी राखून पराभव केला. इंग्लंडच्या भूमीवरचा आपला तो पहिला कसोटी विजय. चंद्रशेखरने अडतीस धावांत सहा बळी घेतले होते आणि इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत आटोपला होता. त्या दिवशी गणेशचतुर्थी होती. आरतीला हात टाळ्या वाजवीत होते आणि कान कोनाड्यातल्या ट्रान्झिस्टरकडे होते. त्याच सामन्यात कोणा उत्साही मंडळींनी प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची एक हत्तीण आणून मैदानावर फिरवली, हे पुढे वाचनात आले तेव्हा तर आमची खात्रीच पटली की तो विजय गजाननानेच दिला!

तर अशा या ओव्हलची कुळकथा पाहावी म्हणून मी जुनी पाने चाळीत होतो. चाळता चाळता मला कळले की वाडेकरच्या विजयाच्या शंभर वर्षे आधी, १६ मार्च १८७२ रोजी, याच हिरवळीवर चषकाच्या फुटबॉलचा पहिला अंतिम सामना झाला होता. एका बाजूस वाँडरर्स, दुसऱ्या बाजूस रॉयल एंजिनियर्स. वाँडरर्सचा एका गोलने विजय. आणि त्या ओळीच्या वर, पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेले, सगळ्या हंगामाचे कोष्टक.

कोष्टक पाहण्याआधी या चषकाची जन्मकथा दोन शब्दांत सांगायला हवी. त्या वेळी फुटबॉल असोसिएशनचे चिटणीस होते चार्ल्स आल्कॉक नावाचे एक गृहस्थ. वय अवघे अठ्ठावीस. हे हॅरोच्या शाळेत शिकलेले. त्या शाळेत निरनिराळ्या वसतिगृहांच्या मुलांमध्ये सामने होत, आणि हरला तो बाहेर अशी तिथली रीत होती. तीच रीत सगळ्या संघांसाठी चालवावी ही कल्पना त्यांना तिथूनच सुचली असे सांगतात. २० जुलै १८७१ रोजी लंडनमध्ये ‘स्पोर्ट्‌समन’ या वर्तमानपत्राच्या कचेरीत त्यांनी आपली सूचना मांडली. असोसिएशनचे सभासद असलेले संघ पन्नासाच्या घरात होते. त्यांपैकी नाव घातले पंधरांनी. आज त्याच स्पर्धेत सातशेहून अधिक संघ उतरतात. वडाचे बी केवढेसे असते, ते पाहावे!

तो खेळही आजच्यासारखा नव्हता. गोलच्या दोन खांबांवर आडवी दांडी नव्हती. आठ फुटांवर एक फीत ताणलेली असे. गोल झाला की लगेच बाजू बदलायच्या. पेनल्टीची किक अजून कोणाच्या डोक्यात आली नव्हती. चेंडू पायाशी खेळवीत एकट्याने सुटायचे आणि बाकीच्यांनी त्याच्या मागे धावायचे, हीच तेव्हाची मुख्य विद्या. चेंडू दुसऱ्याला देणे, त्याच्याकडून परत घेणे, ही युक्ती त्या काळी दोनच ठिकाणी विशेष जोपासली जात होती. एक, लष्करातल्या रॉयल एंजिनियर्सकडे. आणि दुसरी, ग्लासगोच्या क्वीन्स पार्क या संघाकडे.

आता कोष्टक. पंधरा संघ, आणि बाद पद्धत. अशा स्पर्धेचे गणित फार सोपे आहे. शेवटी एकच उरतो. म्हणजे चौदा जणांनी हरले पाहिजे. मी सवयीप्रमाणे हरणाऱ्यांची मोजदाद करू लागलो. सिव्हिल सर्व्हिस बार्न्सकडून हरले. बिचाऱ्यांचे आठच गडी हजर होते. ग्रेट मार्लो मेडनहेडकडून हरले. अप्टन पार्कला क्लॅपहॅम रोव्हर्सने हरवले. झाले तीन. दुसऱ्या फेरीत क्लॅपहॅम रोव्हर्स, मेडनहेड, हिचिन आणि बार्न्स यांची पाळी आली. सात. पुढे हॅम्पस्टेड हीदन्स, क्रिस्टल पॅलेस, आणि अगदी शेवटी रॉयल एंजिनियर्स. दहा.

मी पुन्हा मोजले. दहाच. चौदा संघ बाहेर गेले, पण हरलेले दहा. मग चार पराभव गेले कुठे?

तीन लवकर सापडले. हॅरो चेकर्स, रायगेट प्रायरी आणि डॉनिंग्टन स्कूल या तिघांनी नावे घातली, पण मैदानावर पाऊलच टाकले नाही. लग्नाची पत्रिका घ्यावी आणि जेवायला जाऊ नये तसे. त्यांच्याविषयी मला फारसे वाईट वाटले नाही. चौथा मात्र निराळा होता. तो संघ आला होता, खेळला होता, त्याच्यावर एकही गोल झाला नव्हता. आणि तरीही तो बाहेर गेला होता. तो संघ क्वीन्स पार्क.

या ग्लासगोकरांची कथा अशी. संघ १८६७ सालचा, म्हणजे चार वर्षांचा. चषक घडवण्यासाठी वर्गणी निघाली तेव्हा या दूरच्या मंडळींनी आपल्या तुटपुंज्या गंगाजळीतून एक गिनी पाठवून दिली होती. पहिल्या फेरीत त्यांची गाठ पडली लिंकनशायरातल्या डॉनिंग्टन स्कूलशी. सामना कुठे व केव्हा खेळायचा हे ठरेना. तेव्हा दोघांनाही पुढच्या फेरीत ढकलण्यात आले. दुसऱ्या फेरीत पुन्हा तीच गाठ. या वेळी शाळेने माघार घेतली. तिसऱ्या फेरीत उरले पाच संघ. पाचांच्या जोड्या लागत नाहीत, म्हणून एकाला खेळ नाही. तो एक म्हणजे पुन्हा क्वीन्स पार्कच! एकही सामना न खेळता ही मंडळी उपान्त्य फेरीत जाऊन बसली.

उपान्त्य फेरीचे सामने मात्र ओव्हलवरच होणार होते. ग्लासगो ते लंडन म्हणजे चारशे मैल. गावात वर्गणी गोळा झाली, मंडळी आगगाडीत बसली, आणि ५ मार्च १८७२ रोजी ओव्हलवर वाँडरर्ससमोर उभी राहिली. वाँडरर्स म्हणजे त्या काळचे बडे प्रस्थ. मोठमोठ्या खाजगी शाळांतून शिकून निघालेले खेळाडू. स्वतःचे मैदान नाही म्हणून नाव ‘भटके’, पण ही भटकंती हौसेची होती, गरजेची नव्हे. दीड तास सामना झाला. गोल कोणाचाच झाला नाही. बरोबरी.

बरोबरी झाली तर सामना पुन्हा खेळायचा. पण फेरसामन्यापर्यंत लंडनमध्ये राहायचे किंवा पुन्हा चारशे मैल यायचे, इतके पैसे ग्लासगोच्या गड्यांकडे नव्हते. त्यांनी माघार घेतली आणि ते परत गेले. वाँडरर्स अंतिम सामन्यात दाखल झाले. त्यांचा मार्गही मजेचाच होता. पहिल्या फेरीत हॅरो चेकर्स आले नाहीत. तिसऱ्या फेरीत क्रिस्टल पॅलेसशी बरोबरी, आणि दोघेही पुढे. उपान्त्य फेरीत हा असा निकाल. अंतिम सामन्यापर्यंत पोचलेल्या या संघाने वाटेत जिंकलेला सामना एकच, क्लॅपहॅम रोव्हर्सविरुद्धचा!

अशा वेळी आपल्याकडच्या खेळांच्या वार्तांकनात एक फार सुरेख शब्दप्रयोग वापरतात. प्रतिस्पर्धी आला नाही, किंवा जोडीच लागली नाही, तर त्या संघाला ‘पुढे चाल’ मिळते. एखाद्या म्हाताऱ्या माणसाने पाठीवर हात ठेवून म्हणावे, ‘चाल बाबा, पुढे चाल,’ तसा तो शब्द आहे. पण या कोष्टकासमोर बसलो असताना तो मला प्रथमच टोचला. कारण तो फक्त राहिलेल्याविषयी बोलतो. जो आला नाही, त्याचे काय? तो का आला नाही हे त्या दोन शब्दांत कुठेच नाही.

आणि माझ्यापुरते ते कुठे आहे, हे मला ठाऊक होते. म्हणूनच मी दचकलो.

साल १९६६. आमचे गाव रेल्वेच्या फाट्यावरचे. शाळेला मैदान मोठे होते आणि फुटबॉल एकच होता. त्याचे ब्लॅडर फुटले की सायकलच्या दुकानात नेऊन ठिगळ लावून आणायचे. अशा चेंडूवर तयार झालेला आमचा संघ त्या वर्षी जिल्ह्याच्या गावी आंतरशालेय सामन्यांना गेला. आम्हीही वर्गणी काढली होती. गिरणीवाल्याने रुपया दिला, किराणा दुकानदाराने आठ आणे आणि एक शेर शेंगदाणे दिले. अकरा खेळाडू, बरोबर ड्रिलचे सर, आणि बारावा मी. मी खेळाडू म्हणून गेलो होतो हे लिहिण्यापुरते. माझी खरी कामे म्हणजे कपडे सांभाळणे, लिंबे कापणे, आणि हिशेब ठेवणे. कोष्टकांची खोड तेव्हाही होतीच; तिचा उपयोग सरांनी करून घेतला होता. मी संघाचा खजिनदार होतो.

आमचा सामना पडला शहरातल्या एका मोठ्या शाळेशी. त्यांच्या पायांत बूट, आमचे बहुतेक अनवाणी. तरी आमच्या पोरांनी त्यांना गोल करू दिला नाही. आमच्याकडूनही झाला नाही. पंचांनी सांगितले, परवा सकाळी पुन्हा खेळा.

मैदानाबाहेर लिंबाच्या झाडाखाली सर उभे होते. त्यांनी मला विचारले, ‘काय रे खजिनदार, किती उरले?’

मी वही न उघडता सांगितले, ‘सर, तेरा जणांचे परतीचे भाडे, आणि वर सव्वादोन रुपये.’

आमचा कर्णधार अकरावीतला, शाळेतले त्याचे शेवटचे वर्ष. गुडघ्याला पुरचुंडीसारखे फडके बांधून तो तिथेच बसला होता. तो म्हणाला, ‘सर, माझ्या मामांचे घर आहे इथे, भाजीबाजारामागे. ओसरी मोठी आहे. दोन रात्री पडू तिथे.’

‘पडशील रे,’ सर म्हणाले, ‘पण खाशील काय? तेरा माणसांचा भार मामांवर टाकायचा? आणि परवाचे भाडे मोडले तर परत कसे जायचे?’

ते बोलता बोलता सगळ्यांकडे पाहत होते. कोणी काही सुचवावे अशी त्यांची इच्छा असावी असे आज वाटते. माझ्या सदऱ्याच्या आतल्या खिशात आईने रुमालाच्या गाठीत बांधून दिलेली पाच रुपयांची नोट होती. ‘अडीअडचणीला असू दे,’ ती म्हणाली होती. यापेक्षा मोठी अडचण कोणती यायची होती? पण मी गप्प राहिलो.

पाच रुपयांत तेरा जणांचे दोन दिवस निघाले नसते, हे खरे. या उत्तराने मी पुढे कितीतरी वर्षे स्वतःची समजूत घातली. पण पाचाची नोट पुढे आली असती तर कोणाच्या कनवटीतून रुपया, कोणाच्या दप्तरातून आठ आणे निघाले असते. वर्गणी अशीच जमते, पहिला हात पुढे यावा लागतो. मी तो का केला नाही? पैशाचा लोभ म्हणावा, तर तोही नव्हता. मला घरी जायचे होते. परक्या गावाची मला धास्ती वाटत होती. आणि याच्याही तळाशी एक फार क्षुद्र गोष्ट होती, ती आता सांगून टाकतो. परवाच्या सामन्यातही मी लिंबेच कापणार होतो.

संध्याकाळच्या गाडीने आम्ही परत आलो. कर्णधार दारात बसला होता आणि वाटभर कोणाशी बोलला नाही. तीन-चार दिवसांनी जिल्ह्याच्या साप्ताहिकात एका ओळीत निकाल छापून आला. आमच्या शाळेचा संघ न आल्याने प्रतिस्पर्ध्यांना पुढे चाल. सरांनी ते कात्रण फलकावर लावले नाही.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचे इतके काय? राहिला असता तर तुमचा संघ बहुधा हरलाच असता. अगदी बरोबर. मलाही तसेच वाटते. बूटवाल्यांनी दुसऱ्या दिवशी दोन-तीन गोल सहज चढवले असते. पण माझे म्हणणे नेमके तेच आहे. आमचा कर्णधार हरला असता. घामाघूम होऊन, गुडघा सोलवटून, समोरच्याशी हात मिळवून हरला असता, आणि मग जन्मभर सांगत राहिला असता की ‘तीन गोलांनी हरलो, पण पहिल्या दिवशी त्यांना अडवले होते.’ तो पराभव त्याचा होता. तो त्याला मिळाला नाही. पुढे तो वडिलांच्या दुकानात बसला. दुकानात गेलो की तो मला आपुलकीने चहा पाजीत असे. पण फुटबॉलचा विषय निघाला की तराजूत काहीतरी ठेवू लागे.

बाद पद्धतीच्या स्पर्धेविषयी लोक सामान्यतः असे समजतात की ती जिंकणाऱ्याची स्पर्धा आहे. कोष्टक पाहणाऱ्याला ती हरणाऱ्यांची दिसते. सातशे संघ उतरले तर एक वगळून सगळ्यांना हरायचेच असते. चषक एकालाच मिळतो. बाकीच्यांच्या वाट्याला येते ती एकच वस्तू, आपला स्वतःचा पराभव. तो तरी रीतसर मिळावा. गडी मैदानावर असताना, समोरच्याच्या हातून मिळावा. गाडीभाड्याच्या हातून मिळू नये.

रीतसर हरणे म्हणजे काय, हेही त्याच हंगामाच्या शेवटच्या ओळीत आहे. १६ मार्चला अंतिम सामना झाला तेव्हा सुमारे दोन हजार प्रेक्षक होते. तिकीट एक शिलिंग. सगळ्यांचा होरा होता की रॉयल एंजिनियर्स जिंकणार. लष्करी शिस्तीचा संघ, एकमेकांना चेंडू देऊन खेळणारा. त्यांच्यातला रेनी-टेल्यूर हा तर आपल्या मसुरीत जन्मलेला. सामना सुरू होऊन दहा मिनिटे झाली न झाली तोच एंजिनियर्सच्या लेफ्टनंट एडमंड क्रेस्वेलच्या गळ्याजवळचे हाड मोडले. बदली खेळाडू देण्याची सोय त्या काळी नव्हती. तो बाहेर गेला असता तर दहाच उरले असते. तो गेला नाही. मोडलेले हाड घेऊन तो शेवटपर्यंत मैदानावर राहिला.

पंधराव्या मिनिटाला वाँडरर्सचा गोल झाला. तो करणाऱ्याचे नाव कोष्टकात ए. एच. चेकर असे आहे. या नावाचा माणूसच नव्हता! तो होता मॉर्टन बेट्स. मूळचा हॅरो चेकर्सचा गडी म्हणून त्याने ‘एक हॅरोचा चेकर’ अशा अर्थाचे नाव घेऊन खेळ केला. म्हणजे पाहा, जो संघ मैदानावर आलाच नाही त्याच्या नावाने अंतिम सामन्याचा एकमेव गोल लागला. आणि जो संघ आला, न हरता गेला, त्याची जागा वाँडरर्सच्या हातात होती. कोष्टकाला असा खट्याळपणा कधी कधी सुचतो.

उरलेला सव्वा तास एंजिनियर्स झुंजले आणि हरले. क्रेस्वेलचे नाव आज, दीडशे वर्षांनंतरही, त्या सामन्याच्या हकिकतीत विजेत्यांच्या नावांबरोबर घेतले जाते. हरलेल्या संघाचा हा साधा खेळाडू. पण त्याने आपला पराभव पुरता वसूल केला होता. पुढे तीनच वर्षांनी, १८७५ साली, एंजिनियर्सनी चषक जिंकला. उलट वाँडरर्स पाच वेळा जिंकले आणि नंतर थोड्याच वर्षांत तो संघ विरून गेला. मूळचा चषकसुद्धा राहिला नाही. १८९५ साली बर्मिंगहॅममधल्या एका दुकानाच्या काचेआडून चोरांनी तो पळवला.

आणि क्वीन्स पार्क? मला त्यांचीच काळजी लागून राहिली होती. मी पुढची कोष्टके काढली. मार्च १८७२ मध्ये पैसे नाहीत म्हणून परत गेलेली ही मंडळी हात जोडून बसली नाहीत. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात पहिला आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना झाला. आणि तो झाला ग्लासगोजवळ पार्टिकच्या क्रिकेट मैदानावर. या खेपेला चारशे मैल येण्याची पाळी इंग्लंडवर होती! स्कॉटलंडचे अकराच्या अकरा गडी क्वीन्स पार्कचे होते. निकाल? पुन्हा बरोबरी. पुन्हा एकही गोल नाही. मला हसू आले.

पण माझे समाधान झाले ते याने नव्हे. मी आणखी बारा वर्षे पुढे गेलो, आणि १८८४ च्या कोष्टकाच्या अगदी तळाशी मला ते नाव पुन्हा दिसले. २९ मार्च १८८४, तेच ओव्हल, अंतिम सामना, ब्लॅकबर्न रोव्हर्सविरुद्ध क्वीन्स पार्क. ब्लॅकबर्न दोन, क्वीन्स पार्क एक. पुढच्याच वर्षी, १८८५ साली, पुन्हा तेच मैदान, तेच दोन संघ. ब्लॅकबर्न दोन, क्वीन्स पार्क शून्य. ज्या मैदानावरून ते न हरता परत गेले होते, त्याच मैदानावर येऊन ते दोनदा हरले. १८७२ चे गडी तोवर बदलले असतील, पण नाव तेच होते. त्या दोन आकड्यांपाशी मी बराच वेळ थांबलो होतो. पराभवाचे आकडे वाचून असा आनंद मला कधी झाला नव्हता.

अलीकडे या स्पर्धेत एक बदल झाला आहे. २०२४-२५ च्या हंगामापासून मुख्य स्पर्धेच्या पहिल्या फेरीपासून पुढे फेरसामना ठेवलेला नाही. बरोबरी झाली तर जादा वेळ, तरीही बरोबरी राहिली तर पेनल्टी. निकाल त्याच दिवशी. याने लहान संघांचे नुकसान झाले अशी ओरड पुष्कळांनी केली. तिच्यात तथ्य आहे. मोठ्या संघाशी बरोबरी साधून त्याच्या मैदानावर पुन्हा खेळायला मिळाले तर लहान संघाची वर्षाची बेगमी होत असे. एके काळी ज्या फेरसामन्याने गरीब संघाला घरी पाठवले, तोच पुढे गरीब संघाचा आधार झाला होता! जगात कोणता नियम कोणाच्या बाजूचा, हे सांगणे कठीण. तरी एवढे खरे की आज ग्लासगोच्या गड्यांना भाड्याचा हिशेब करावा लागला नसता. ते त्याच संध्याकाळी जिंकून तरी परतले असते, नाहीतर हरून.

आमचा कर्णधार आता या जगात नाही. दोन वर्षांपूर्वी त्याच्या मुलाने कळवले. भेटायला गेलो तेव्हा दुकानाच्या गल्ल्यामागे भिंतीवर एक जुनी तसबीर दिसली. अकरा मुले, मध्ये सर, आणि अगदी कडेला, लिंबांची पिशवी हातात धरून मी. खाली शाळेचे नाव आणि साल. निकाल लिहिलेला नव्हता. मुलाने विचारले, ‘काका, बाबा म्हणायचे, आम्ही त्या सामन्यात हरलो नव्हतो. खरे का?’

मी ‘खरे आहे’ म्हणालो. पुढचे सांगणे मला त्या दिवशी जमले नाही.

ते येथे सांगितले आहे. परतीची तेरा तिकिटे, सव्वादोन रुपये शिल्लक, असा हिशेब मी सरांना तोंडी दिला होता आणि घरी येऊन वहीत उतरवून काढला होता. त्यात पाच रुपये लिहायचे राहिले.